डब्याचा आवाज

प्रिय मास्तरीणबाई,

आधी शाळेची बातमी. आपला उपग्रह, म्हणजे तू ठेवलेल्या नावाने सांगायचं तर डबा, रॉकेटमधून सुखरूप वर गेला. सगळी शाळा पडद्यापुढे बसली होती. सर इतके नाचले की त्यांचा चष्मा हरवला, आणि मग तो त्यांच्याच खिशात सापडला. नववीपासून आपण दोघींनी प्रयोगशाळेत बोटं भाजून घेतली, तारा जोडल्या, अबोला धरला, पुन्हा तारा जोडल्या. ते सगळं आठवून मी चक्क भोकाड पसरलं. तू मात्र हॉस्पिटलच्या खाटेवरून डॉक्टरांना बजावत होतीस, की डब्याचा आवाज ऐकल्याशिवाय छातीला हात लावू देणार नाही. डॉक्टर म्हणत होते, आता ऑपरेशनला उशीर परवडणार नाही. लेकीच्या हट्टापुढे काकू रडकुंडीला आल्या होत्या.

आणि डबा काही बोलेना.

आम्ही पाळ्या लावून गच्चीवर बसलो. तो डोक्यावरून जायचा, आम्ही अँटेना फिरवत राहायचो आणि कानात नुसती खरखर. मग उपग्रहांचे संदेश ऐकणाऱ्या एका मोठ्या केंद्राने कळवलं की अगदी क्षीण आवाज येतोय. म्हणजे जीव आहे, पण त्याची अँटेना उघडलेली नाही. अँटेना म्हणून लावलेल्या मोजपट्टीच्या पोलादी पात्या दुमडून आपण नायलॉनच्या दोऱ्याने बांधल्या होत्या, आठवतंय? वर गेल्यावर तार तापणार, दोरा जळणार, पात्या उघडणार. हादऱ्यांच्या चाचणीत गाठ सुटू नये म्हणून तू तिच्यावर गोंदाचा एक थेंब सोडलास. बाटली माझ्या हातात होती, दिवा सरांनी धरला होता, आणि आम्ही दोघांनीही तुझ्या हुशारीला दाद दिली. परवा कपाटातल्या त्याच्या जुळ्या भावावर, आपल्या चाचणीच्या डब्यावर, तसाच गोंद लावून पाहिला. तार तापली, दोरा जळला नाही. सरांनी पुन्हा करून पाहिलं, तेच झालं. मी उगीच टेबल पुसत राहिले. वर जाऊन एक थेंब खरवडायचा, एवढंच काम आहे गं! नखानेसुद्धा होईल. पण तिथे कुणाचं नख पोचणार? इतकं हतबल मला कधीच वाटलं नव्हतं.

काल काकूंचा फोन आला. काहीही कर, पण तिला आवाज ऐकव, म्हणाल्या. मी कपाटातला डबा काढला, गोंद खरवडला, आवाज रेकॉर्ड केला, त्यात थोडी खरखर मिसळली आणि पाठवून दिलं. आज सकाळी तू ते पुन्हा पुन्हा ऐकलंस, हसलीस आणि मुकाट्याने आत गेलीस, असं काकूंनी कळवलं. आत्ता तुझं ऑपरेशन चालू आहे आणि मी आपल्या बाकावर बसून हे लिहितेय, कारण दुसरं काहीच माझ्या हातात नाही. मास्तरीणबाई, तो आवाज खोटा होता. पण कपाटातला डबा शेवटची शिटी जरा लांबवतो, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? माझी लबाडी तू नेहमी पहिल्या झटक्यात पकडतेस. आज पकडली नाहीस, की पकडूनही हसलीस? हे काकूंना विचारता येत नाही. तू ऊठ, आणि मला पोटभर शिव्या दे.

तुझीच,
बाटली धरणारी