लुबेगाचे खोटे दात

क्योतेरा, ता. ४ मार्च १९९६

चि. नाबुकीरा हिस नांतेजा आत्याचे अ. आ.

फोटो मिळाला. पांढऱ्या कोटात अगदी साहेबीण दिसतेस. चार घास पोटभर खातेस की नाही, ते मात्र दिसत नाही. पत्रास कारण की, माझ्या लेकीचा पाच महिन्यांचा लुबेगा जुलाबांनी पार गळून गेला आहे. हिरड्यांवर दोन पांढरे फुगवटे आलेत, म्हणजे खोटे दातच. ते कोरून काढल्याशिवाय जुलाब थांबत नाहीत, हे तुला काय सांगायचं? नाकिंतू म्हातारी सायकलच्या तारेनं काढते, पण तुझ्याकडे स्वच्छ हत्यारं आहेत. दात साफ करण्याची नोकरी करतेस, मग घरच्या लेकराला एवढं करून दे. शनिवारी ये. बाहेर कोणी अवाक्षर बोलणार नाही.

लोभ आहेच, तो या खेपेस बाळाला दाखव.
तुझी आत्या

---

म्बरारा, ता. ५ मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

पत्र आणणाऱ्या टॅक्सीवाल्याच्याच हाती हे उत्तर देते आहे. मी ते दात काढणार नाही. ते खोटे नाहीतच, हिरडीखाली वाढणारे बाळाचे खरे सुळे आहेत. जुलाब पोटाचे आहेत. हिरडी कोरली तर विषार चढून लेकरू हातचं जाईल, मग हत्यार कितीही स्वच्छ असो. माझा परवाना दात राखण्याचा आहे, आणि घरच्यांसाठी वेगळा कायदा नाही. जुलाबावर औषध देणंही माझ्या अधिकारात बसत नाही, म्हणून त्याला आजच्या आज आरोग्य केंद्रात न्या. वाटेत अंगावर पाजणं थांबवू नका.

माझ्या तोंडात सुळे नाहीत, आत्या. मी तान्ही असताना नाकिंतूनं ते काढले, त्यांच्याबरोबर खालचे पक्क्या सुळ्यांचे कोंभही गेले; तेव्हा तूच मला मांडीवर धरलं होतंस. मायेनंच धरलंस, त्याचा मला राग नाही. पण आता मला कळतं, आणि कळून गप्प बसता येत नाही. बाळाला तार लागली तर मी जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना कळवीन. नाकिंतूचं नाव देईन, आणि मांडीवर धरणाऱ्याचंही.

रागावलीस तरी आशीर्वाद आखडता घेऊ नकोस.
तुझी नाबुकीरा

---

क्योतेरा, ता. १४ मार्च

चि. नाबुकीरा हिस अ. आ.

तुझं पत्र वाचून माझं डोकंच फिरलं. सख्ख्या आत्यावर उठलीस म्हणून चुलीत घालणार होते. पण लेकीनं ते हातातून ओढून वाचलं आणि मला न विचारता बाळाला पाठीशी बांधून आरोग्य केंद्र गाठलं. तिथली नर्स म्हणाली, अंगातलं पाणी संपत आलं होतं, आणखी उशीर झाला असता तर हाती लागला नसता. आता असा रडतो की अंगणातल्या कोंबड्या पळतात. मला फार बरं वाटतं.

काल नाकिंतू तार घेऊन आलीच. आज बरा दिसला तरी पुन्हा आजारी पडेल म्हणाली. मी दारात फतकल मारून बसले आणि म्हटलं, "माझी भाची मला सोडणार नाही, ती तुला सोडेल होय?" ती फणकाऱ्यानं शेजारी गेली. तिथंही तान्हं मूल आहे, म्हणून मी मागोमाग जाऊन त्यांच्याही दारात बसले.

पण मी एकटी किती दारांत बसणार? तू अधिकाऱ्यांना कळव. नाकिंतूचं नाव दे. पुरावा मागितला तर तोंड उघडून दाखव, आणि साक्षीला मला बोलाव.

माया वाढली आहे, कमी होऊ देऊ नकोस.
तुझी आत्या