रोल नंबर सतराची ओळ

सर, तुमची फ्लॉपी अखेर उघडली. गेल्या महिन्यात, तुमच्या माघारी, काकू घर आवरत होत्या, तेव्हा त्यांनी ती माझ्या हातात ठेवली. "सरांची हाय. भंगारवाला बी नको म्हनला, तूच ने." वर तुमच्या अक्षरात 'परीक्षा'. मला घाम फुटला. काकूंना वाटलं, चहा गरम होता. माळीवाड्यातल्या तुमच्या क्लासात, परीक्षेच्या आदल्या दिवशी, मी तुमच्या प्रश्नांच्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ घुसडली होती: रोल नंबर सतरा असेल तर गुण दहा. सतरा मीच. दुसऱ्या दिवशी दहापैकी दहा पडले. तुम्ही मला एक कोरी फ्लॉपी बक्षीस दिलीत आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "हिनं जे केलं, ते वर्गात कुनालाच सुचलं न्हाई." त्या एका वाक्याच्या जोरावर मी कॉम्प्युटर शिकले, आणि आज नगरच्याच एका कॉलेजात शिकवते. कॉपी करणाऱ्यांना पकडतेही.

फाइल माझ्या लिनक्सच्या कॉम्प्युटरवर उतरवली, तर नुसती चिन्हं नि चौकोन. जुन्या बेसिक भाषेतली फाइल, वाचायला जुनंच मशीन हवं. म्हणून एमुलेटर घातला, म्हणजे नव्या मशीनने घेतलेलं जुन्याचं सोंग. एक फोल्डर त्याला सी ड्राइव्ह म्हणून नेमून दिलं आणि फाइल त्यात टाकली. एमुलेटर म्हणतो, फाइल नाही. लिनक्स म्हणतो, आहे. दोन दिवस मी परवानग्या तपासते आहे, फाइल काढते आहे, परत टाकते आहे, दोघांनाही नाही नाही ते बोलते आहे. शेवटी कळलं, एमुलेटर चालू असताना बाहेरून काही टाकलं, तर तो सुरुवातीला पाहिलेली यादीच धरून बसतो. त्याला 'परत बघ' असं सांगावं लागतं. नागापूरच्या कारखान्यात दिवसभर जॉब, म्हणजे मशीनवरून उतरलेले सुटे भाग, तपासून तुम्ही संध्याकाळी शिकवायला यायचात, आणि माझा प्रोग्रॅम अडला की खुर्चीतून न उठता तेवढंच म्हणायचात, "परत बघ."

एमुलेटरनं परत बघितलं. प्रोग्रॅम पडद्यावर आला. माझी ओळ होती, पण मी लिहिली होती तिथं नव्हती. तिच्या वर तुमची टीप, इंग्रजी अक्षरांतलं मराठी: 'सतरा नंबर, गुण दाखवून झाल्यावर दहा देऊन काय उपयोग? ओळ वर घेतली. परत बघ.'

म्हणजे माझी चोरी चाललीच नसती. तुम्ही ती पकडलीत, दुरुस्त केलीत आणि वर टाळ्याही वाजवायला लावल्यात. मग बक्षीस नेमकं कशाचं होतं, सर? मी पकडलेल्या एकाही पोराची कॉपी आजवर दुरुस्त करून दिलेली नाही. द्यायला हवी होती का, या विचारात आठवडा गेला.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून सांगते. काल ती ओळ पुसून परीक्षा दिली. सहा पडले. सातव्या प्रश्नात तुमचंच उत्तर चुकलंय असं वाटलं. परत बघितलं, नव्हतं चुकलं. मग ओळ पुन्हा घातली, तुम्ही ठेवली होती त्याच जागी.