देशाला अर्पण झालेल्या ठकूस

दि. ११ जून. सकाळी दुकान उघडलं. दोन चष्मे दिले, एकाची काडी बसवली. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं.

चि. ठकूस मामाचे अनेक आशीर्वाद. रोज पहाटे पळतेस असं कळलं, गुडघे सांभाळ. माझी प्रकृती ठीक. मामी गेल्यापासून घरात बोलायला कोणी नाही, त्यामुळे घसा तर उत्तमच आहे.

हे कागदावर लिहितो, कारण फोनवर आलेलं काहीही तुझे बाबा उचलून जगाला दाखवतात. तुझी आई संध्याकाळी चष्मा न्यायला येईल, तिच्या हाती देईन. लष्कराच्या प्रबोधिनीने तुम्हा नव्या मुलामुलींना स्वच्छ शब्दांत कळवलं आहे की हजर व्हायची तारीख, प्रवास, निवड क्रमांक, यातलं काहीही समाजमाध्यमांवर टाकू नये. टाकल्यास हजर होताना खुलासा घेतला जाईल आणि तो पटला नाही तर घरी पाठवलं जाईल. तुझ्या बाबांनी हे आम्हा सर्वांना मोठ्याने वाचून दाखवलं (मान डोलावत, जणू नियम त्यांनीच केला होता) आणि मग त्याच सूचनांच्या कागदाचा, शेजारी तुझं गाडीचं तिकीट ठेवून, फोटो काढून टाकला. वर लिहिलं, ‘गोपनीय आहे, पण आनंद पोटात मावत नाही.’ त्यांच्या पोटात आजवर काय मावलंय?

आज सकाळी निवृत्त हेडमास्तर दुकानात आले. जवळचा नवा चष्मा चढवला. मी वाचायला छापील तक्ता पुढे केला, तर तो सारून त्यांनी आपला फोन काढला आणि धडाधड सुरू झाले, “शनिवारची सकाळची गाडी, चौथा डबा, खिडकीची जागा. तुमचीच भाची ना हो? क्रमांक वाचू?” मी म्हटलं, “नको.” “अहो, वाचतो की! अगदी लख्ख दिसतोय!” चष्मा बरोबर बसला, तेवढंच समाधान.

दुसरी पोस्ट तू पाहिली नसशील. तुझा फोटो, आणि तोही काळापांढरा (रंगीत फोटोला म्हणे भारदस्तपणा येत नाही). खाली मजकूर, ‘आमची लाडकी ठकू आज देशाला अर्पण केली. घर सुनं झालं.’ आपल्या नातेवाइकांची वाचनशक्ती पहिल्या ओळीला संपते. तासाभरात श्रद्धांजल्यांची रांग लागली. मामीच्या वेळचेच लोक, तेच शब्द, शुद्धलेखनाच्या चुकाही त्याच; जपून ठेवला असावा मजकूर. धाकट्या आत्याने लिहिलं, ‘विश्वास बसत नाही, परवाच बोलली होती.’ एकाने विचारलं, ‘कशाने?’ त्यावर तुझ्या बाबांचं उत्तर, ‘केवळ तिच्या जिद्दीने.’ बाकी सर्वांना ‘धन्यवाद, असाच लोभ असावा.’

मी फोन करून म्हटलं, “भावोजी, ते काढा. पोरीची जागा जाईल.” म्हणाले, “तुम्ही ना, दुकानातून जरा जगात या! किती जणांनी पाहिलंय माहीत आहे?” मला तीच तर भीती. तू तीन वेळा परीक्षा दिलीस, ती खुलासा लिहायला नव्हे. शिवाय तुझ्या तुकडीत कोणी हे वाचलं तर कवायतीच्या मैदानावर जन्मभर ठकूच राहशील. बाबांचा पासवर्ड तुला ठाऊक आहे (आम्हा सगळ्यांनाच ठाऊक आहे, तो त्यांनी ओरडून सांगितला होता). आजच दोन्ही पोस्ट पुसून टाक. ओरडले तर म्हणावं, देशाची आज्ञा आहे. देशापुढे त्यांचं काही चालत नाही.

तुझा,
मामा

ता. क. पुसण्याआधी एक काम कर. तो फोटो तू लेखी परीक्षा पास झालीस त्या दिवशीचा. शेजारी मामी उभी होती. आनंदाच्या बातमीत गेलेलं माणूस नको म्हणून बाबांनी तिला कापली. (श्रद्धांजली काही चुकली नाही.) घाईत कापल्यामुळे तुझ्या खांद्यावर तिची चार बोटं राहिली आहेत. अख्खा फोटो बाबांच्या फोनमध्ये असेल. त्याची कागदावर एक प्रत काढून आईकडे दे. रंगीत. पोस्टचं काय ते त्यानंतर बघ; खरं तर पत्र मी एवढ्यासाठीच लिहायला घेतलं होतं.

ता. क. २. नळाला पाणी आलं. बादली लावून येतो.