कातळावरची राखण

सोलापूर,
२ एप्रिल १९७४

चि. सौ. सोजर हिस तात्याचे पोटभर आशीर्वाद. तू व जावईबापू खुशाल असाल असे धरून चालतो. विहीणबाईंना माझा नमस्कार सांग.

वि. वि. तुझे अण्णा, म्हणजे आमचे दादा, अखेर समुद्राकडे निघाले. खळ्याच्या भुसकटानं धरलेला खोकला काही सुटेना, तेव्हा इथल्या डॉक्टरांना मी आधीच गाठून सांगून ठेवलं, की हवापालट म्हणा आणि समुद्रच म्हणा. दादांनी विचारलं, मंगळवेढ्यात काय हवा कमी हाय का? डॉक्टरांनी इंजेक्शनाचं नाव काढलं तसे कबूल झाले. आणि समुद्र म्हटला की जावईबापूंची शाळा सोडून आपलं तिकडे आहे कोण?

अण्णांनी एकदा माझ्या घरी पाटावर बसून जेवावं, बाकी काही नको, असं तू दर पत्रात लिहितेस. ते मला पाठ झालं आहे. पण त्यांचा हेका तुला ठाऊक आहे. लेकीला मूल होईस्तोवर तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही ही आपल्याकडची रीत. हल्ली ती कोण पाळतं? तुझ्या लग्नाला चार वर्षं झाली तरी दादा पाळतात. वहिनींनी त्यांना पोतंभर कडक भाकरी आणि डबाभर शेंगाची चटणी बांधून दिली आहे. आपली कडक भाकरी महिनाभर टिकते, तेव्हा उपाशी ठेवून काम होणार नाही. गोडीगुलाबीनंच काय ते जमव.

समुद्रावर काय काय करायचं असतं ते मी साप्ताहिकात नीट वाचलं आहे. पहाटे ओल्या वाळूत अनवाणी चालायला लाव. होडीत बसव. शंखशिंपले वेचायला लाव. संध्याकाळी सूर्यास्त दाखव, तो चुकवू नकोस. मी स्वतः समुद्र पाहिलेला नाही, पण सिद्धेश्वराचं तळं रोज पाहतो, त्यामुळे अंदाज आहे.

माया जशी आहे तशी चालू दे.
तुझा, कुंडलिकतात्या


कातळवाडी, जि. रत्नागिरी,
१० एप्रिल १९७४

ती. तात्यांस सोजरचा वाकून नमस्कार. तुमचं पत्र आणि अण्णा एकाच एसटीनं आले. पत्राला कमी हादरे बसले असावेत.

तात्या, इथं वाळू नाही. नुसता काळा कातळ आहे आणि त्यावर लाटा आपटतात, हे मी लग्नानंतरच्या पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. तरी अण्णा तुमच्या सांगण्यावरून पहाटे अनवाणी चालायला गेले आणि दोन्ही टाचा कापून आले. ओहोटी लागली तेव्हा त्यांनी सगळ्या वाडीला उठवलं. वरच्या अंगाला कुणीतरी कालव्याचं दार उघडून पाणी पळवलंय, असं त्यांचं म्हणणं. संध्याकाळी भरती आली तेव्हा म्हणाले, बघा, बोंब मारली की सोडतात. होडीत बसवलं तर मध्येच उतरवायला सांगू लागले. सूर्यास्त दाखवला तर म्हणाले, ह्यो आपलाच हाय की.

खरी गंमत पुढं आहे. समुद्राच्या हवेनं तुमच्या वहिनींची, म्हणजे आईची कडक भाकरी दुसऱ्या दिवशी मऊ झाली, चौथ्या दिवशी हिरवी. मला वाटलं, आता येतील वळणावर. मी ताट वाढलं, पाट मांडला, रांगोळीसुद्धा घातली. ते पडवीत झोपतात, पण पाणी देवळाच्या विहिरीवर जाऊन पितात. ताटाकडे बघून म्हणाले, बाय माझी, वास लई चांगला हाय. आणि बाहेर गेले.

पुढे कातळावर बाया मासळी सुकत घालतात. घारी, कावळे आणि पांढरे समुद्रपक्षी तिथं दिवसभर घिरट्या घालतात. अण्णांना ते बघवेना. त्यांनी पिशवीतून गोफण काढली. आता बांबू आणि झावळ्यांचा उंच माळा बांधून, शाळू ज्वारीची राखण करावी तशी सुकत्या बांगड्यांची राखण करतात. गळ्यात तुळशीची माळ, नाकाला धोतराचा सोगा. बदल्यात बाया तांदूळ देतात. ही मजुरी झाली, लेकीच्या घरचं खाणं नव्हे, असं म्हणून ते तिथंच तीन दगडांवर भात शिजवतात.

मला हसावं की रडावं कळत नाही. काहीतरी सुचवा.
तुमच्या शब्दाच्या वाटेकडे डोळे लावून,
सोजर


सोलापूर,
१५ एप्रिल १९७४

चि. सोजर हिस आशीर्वाद. तुझं पत्र मी गिरणीच्या टाइम ऑफिसात मोठ्यानं वाचलं. सुट्टीवर गेलेला माणूस तिथंच कामाला लागला, हे कुणाला पटेना. हेडक्लार्क म्हणाले, त्यांना इकडे आणा, त्यांच्यासारखे आम्हाला हवेत.

आता नीट ऐक. रीत घरापुरती आहे, कातळाला ती लागू नाही. तू ताट घेऊन माळ्यावर जा. डोक्यावर तुझं छप्पर नाही, खाली तुझी जमीन नाही, मग घर कुठलं? मी इथल्या चार जाणत्या माणसांना विचारलं, तिघांनी मान डोलावली. चौथे ऐकू न येणारे आहेत.

सूर्यास्त पुन्हा एकदा दाखव. पहिल्या खेपेला कळत नाही म्हणतात.

जीव जडवून ठेव, बाकी मी आहेच.
कुंडलिकतात्या


कातळवाडी,
२१ एप्रिल १९७४

ती. तात्यांस नमस्कार. ताट घेऊन माळ्यावर चढले. अण्णांनी विचारलं, तांदूळ कुणाचे? चूल कुणाची? हात कुणाचे? तिन्हीची उत्तरं ऐकून त्यांनी ताटाला नमस्कार केला आणि परत पाठवलं. त्याच दिवशी त्यांचा गोफणीचा धोंडा शाळेच्या घंटेवर बसला. शाळा सुटली समजून सगळा वर्ग घरी गेला, आणि ह्यांना साहेबांकडे खुलासा लिहावा लागला. खुलाशात काय लिहायचं यावर आम्ही रात्री पोट धरून हसलो.

पण तात्या, आता हसू येईनासं झालंय. मास्तरांचा सासरा कातळावर चूल का मांडतो, असं लोक विचारतात. अण्णा कुणापासून काही लपवत नाहीत. माळ्यावर बसल्या बसल्या त्यांनी ती रीत साऱ्या वाडीला समजावून सांगितली आहे. आता मी पाण्याला गेले की बाया आधी माझ्या पोटाकडे बघतात. सासूबाई अण्णांच्या नावाचा घास रोज काढून ठेवतात आणि संध्याकाळी गाईला घालतात.

एक गोष्ट तुम्हाला कळवली नव्हती. दिवाळीनंतर आम्ही रत्नागिरीला डॉक्टरीणबाईंना दाखवलं. मला मूल होणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. ह्यांनी आणि सासूबाईंनी मला फुलासारखं जपलं, त्यांचं काही म्हणणं नाही. पण त्या दिवशी माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की मग अण्णा माझ्या घरी कधीच जेवणार नाहीत. माळ्याखाली जाऊन मी दोनदा सांगायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा तशीच मागे फिरले. तुम्हीच त्यांना लिहा. तुमच्या पद्धतीनं फिरवून नको, सरळ लिहा.

माझ्यावर राग नसावा.
सोजर


कातळवाडी,
३० एप्रिल १९७४

चि. कुंडलिक यास दादाचा आशीर्वाद. खोकला गेला. हवेनं गेला का पाखरांवर ओरडून गेला, सांगता येत नाही. तुझ्या वहिनीला सांग, भाकरीचा दोष नव्हता.

सोजरबद्दलचं तुझं पत्र माळ्यावर बसून वाचलं. परत वाचलं. तेवढ्या वेळात घारींनी बायांचे बांगडे उचलून नेले. माझ्या राखणीत असं कधी झालं नव्हतं. बाया बोलल्या ते ऐकून घेतलं.

पोर रोज ताट वाढत होती आणि मी तिला रीत शिकवत होतो. ही रीत ज्यानं घातली त्याला लेक नसणार, नायतर भूक नसणार. मला दोन्ही हाय.

माळ्यावरनं उतरलो तो गोफण खांद्यावर टाकून थेट मास्तरांच्या अंगणात गेलो. आत गेलो असतो तर कुणाला दिसलं नसतं. म्हणून अंगणातच, रस्त्याकडं तोंड करून पाट मागितला आणि साऱ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात सोजरला सांगितलं, की लई भूक लागलीय, वाढ. तिनं तांदळाची भाकरी आणि कुळथाचं पिठलं वाढलं. पिठल्यात मीठ दोनदा पडलेलं. मी तीनदा मागून घेतलं. मग तिच्याच घरचं तांब्याभर पाणी प्यालो. विहीणबाई दाराआड उभ्या होत्या, त्या डोळ्याला पदर लावून आत गेल्या. मास्तर उगाच शाळेची किल्ली शोधत होते.

मासळीवाल्या बाया कुंपणाशी गोळा झाल्याच होत्या. मीच त्यांना रीत सांगितलेली, तेव्हा त्यांनी विचारायचं ते विचारलं, की मास्तरीणबाईंना दिवस गेले का, कुणाला मूल झालं का? सोजर ताट उचलायचं थांबली.

मी म्हणालो, व्हय, झालं की. मला झालं, लई वर्षांमागं, हीच ती लेक. जेवायचं तेवढं राहून गेलं होतं.

तुझा,
दादा