डिस्पॅचच्या पेटीतले धवले

मु. पूर्णा, ता. भिवंडी
चैत्र, सोमवार

तीर्थरूप चंद्रामावशीस,

भरतचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. इकडे सर्व ठीक. मनिषा बरी आहे. भाग्यश्री बरी आहे, आणि तिचं लग्न ठरल्यापासून घरात मी सोडून सगळेच फार बोलतात. तुझा गुडघा कसा आहे? अंजूरच्या डॉक्टरांनी दिलेलं तेल तू लावत नाहीस आणि बाटली मात्र पाहुण्यांना दाखवतेस, असं रिक्षावाला नवशा सांगत होता. लावत जा.

हे एवढंसं अंतर असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. पण आई गेल्यापासून आपण दोघं फोनवर काय करतो ते तुला माहीत आहे. मी 'हां' म्हणतो, तू 'हां' म्हणतेस, मग बराच वेळ पंखा ऐकू येतो (तुझा की माझा ते कळत नाही), मग कोणीतरी 'ठेवू का?' म्हणतं. मागच्या वेळी मात्र तू एक पूर्ण वाक्य बोललीस. 'मी येन, जेवन, नवरीला डोळं भरून बघेन, पन मना गायाला सांगू नको.' मी 'हां' म्हटलं. आग्रह करणं मला जमत नाही आणि तुझं म्हणणंही मला पटलं होतं. आईच्या मागे जन्मभर लग्नातले धवले म्हटल्यावर एकटीने कोणत्या तोंडाने म्हणायचे? म्हणून मी दुसरी सोय करायला निघालो. त्याची हकिगत लिहितो. सावकाश वाच, चष्मा लावून वाच.

तुझा फोन ठेवल्यावर मी मनिषाला म्हटलं, आता आपल्या पोरीच्या हळदीला धवले कोण म्हणणार? तर ती पोळी लाटता लाटता म्हणाली, 'आईंनी तुमाला पाठवलेत ना सगले.' मी विचारलं, कधी? ती म्हणाली, 'त्या पावसाळ्यात. मीच तर शिकवलं पाठवायला.' मी म्हटलं, मला एकही मिळाला नाही. त्यावर तिने लाटणं खाली ठेवलं. 'मना वाटलं मिळालं असतील. तुमी कुठं काय बोलता? मिळालं तरी गप, न्हाय मिळालं तरी गप.' (यावर मी गप्प राहिलो.)

तेव्हा मला कळलं की शेवटच्या पावसाळ्यात, मी ड्युटीवर असताना, आई घरात लग्नं लावत होती. तुला तिचा नेम माहीत आहे, लग्न असल्याशिवाय धवला तोंडातून काढायचा नाही. आणि नातीसाठी फोनमध्ये तर भरून ठेवायचे होते. मग तिने दोन नारळ पाटावर बसवले. एकाला मुंडावळ्या बांधल्या, दुसऱ्याला हिरवं खणाचं चिंधूक नेसवलं, दोघांना हळद लावली आणि फोन मधे ठेवून गायला बसली. इथवर ठीक. पण संध्याकाळी मनिषा त्यातला एक नारळ फोडायला गेली तर आईने तिचा हात धरला. 'लगीन झालेला नारल वाटणात घालतं का कोनी?' त्यामुळे दर धवल्यामागे घरातले दोन नारळ संसारी होत गेले आणि आम्ही सुक्या खोबऱ्यावर आलो. मला आठवतं, मी फक्त एकदा विचारलं होतं की कालवणाला चव का नाही. एका नारळाला पुढे कोंब फुटला, तेव्हा आई म्हणे मनिषाला म्हणाली, 'बघ, यांचं बरं चाललंय.'

आता हे धवले गेले कुठे? आईचा फोन सकाळच्या फुलांच्या चित्रांनी सतत भरलेला असे, म्हणून मनिषाने तिला शिकवलं होतं की गाणं झालं की मेलने भरतला पाठवायचं आणि फोनमधून काढून टाकायचं. पत्ता कोणता? तर देव्हाऱ्याजवळ माझं गोदामाचं कार्ड चिकटवलेलं आहे, त्यावरचा. मावशी, तो पत्ता माझा नाही. तो डिस्पॅच खात्याचा आहे. म्हणजे आईने आपल्या नातीच्या लग्नाचे धवले गोदामातून माल कधी सुटेल ते विचारायच्या पेटीत टाकले. आणि आईच्या फोनची बॅटरी फुगून तो कायमचा बंद पडलेला. शिवाय त्याच आठवड्यात गोदामात नोटीस लागली की महिनाअखेर जुनी मेल बंद होऊन नवी सुरू होणार, जुन्यातलं काही पुढे येणार नाही. म्हणजे महिन्याच्या आत काढले तर आईचे धवले, नाहीतर डीजे. (डीजेवाला घरी येऊनही गेला. तो म्हणाला, 'काका, धवल्याचा रिमिक्स हाय माझ्याकडं.' मी त्याला पाणी दिलं आणि उठलो.)

जुन्या मेलचं पान उघडून शोधायला जावं तर ते चाक फिरवत बसतं. एवढ्या वर्षांचे डिस्पॅचचे मेल त्यात आहेत, तेही बिचारं काय करणार. शेवटी मी आमच्या मुख्य ऑफिसात कॉम्प्युटर बघणाऱ्या मृणाली मॅडमना फोन केला. त्या वयाने लहान आहेत पण मॅडम आहेत. त्यांना आधी धवला म्हणजे काय ते सांगावं लागलं. मी सांगितलं की आमच्याकडे हळदीपासून लग्न लागेपर्यंत प्रत्येक विधीला बाई गाते, तिने गायल्याशिवाय काही पुढे सरकत नाही. त्या म्हणाल्या, 'म्हणजे अप्रूव्हल.' मी हो म्हटलं. मग त्या म्हणाल्या की हे काम हाताने होणार नाही, पायथन म्हणून कॉम्प्युटरची भाषा आहे, तिच्यात मेल आणायची लायब्ररी आहे, ती वापरा, चार ओळी लिहायच्या असतात. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे, मावशी. दुसऱ्या कोणीतरी अवघड भाग आधीच करून ठेवलेला असतो, आपण फक्त त्याला हाक मारायची. तू तयार मसाल्याला नावं ठेवतेस, पण हे तसंच आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही.

आमचे गोदामाचे मॅनेजर हरेशभाऊ भले आहेत. त्यांनी परवानगी दिली. म्हणाले, 'आईसाठी हाय ना, मग कर. जेवणाच्या सुट्टीत कर. पण डिस्पॅचच्या कामाला हात नको लावू.' मी जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून बसलो. सर्व्हरशी बोलण्याची रीत अशी, की आधी नाव सांगून आत जायचं, मग कोणती पेटी ते सांगायचं, मग काय शोधायचं ते सांगायचं, आणि तो जे नंबर देईल ते मेल आणायचे. मी आत गेलो, पेटी सांगितली, आणि पाठवणाऱ्याच्या जागी आईचं नाव, आनंदीबाई, असं लिहिलं. सर्व्हरने 'ओके' म्हटलं आणि रिकामा हात पुढे केला. मी पुन्हा विचारलं. पुन्हा ओके, पुन्हा काही नाही. (लग्न जमवताना आलेल्या बऱ्याच पाहुण्यांची मला आठवण झाली.)

मग मी चिडलो म्हण. मी तसा चिडत नाही, पण त्या दिवशी चिडलो आणि लिहिलं की सगळे आण. एकूण एक. तो बिचारा आणू लागला. मला हे ठाऊक नव्हतं की मेल अशा रीतीने आणला की सर्व्हर त्याच्यावर 'वाचला' अशी खूण करतो. आणि आमच्या गोदामात न वाचलेला मेल म्हणजे बाकी राहिलेलं काम, अशी सगळी मोजणी आहे. सुट्टी संपून हरेशभाऊंनी पेटी उघडली तर बाकी काम शून्य. गोदाम उभं राहिल्यापासून असं झालं नव्हतं. त्यांनी सगळ्यांना बोलावलं, पाठ थोपटली, पेढे मागवले, मुख्य ऑफिसला फोटो पाठवला. माझ्या तोंडात पेढा असल्यामुळे मला लगेच खुलासा करता आला नाही. तेवढ्यात नाशिकहून एका गिऱ्हाइकाचा फोन आला, आमचे कुकर कुठे आहेत? मग दुसऱ्याचा. मी पेढा गिळून सांगितलं. हरेशभाऊंनी पेढ्यांचा खोका बाजूला सारला. मग म्हणाले, 'भरत, वाचलं कोणी?' मी म्हटलं, लायब्ररीने. मृणाली मॅडमनी फोनवरून उपाय सांगितला, मी तो केला, आणि सगळे मेल 'न वाचलेले' झाले. सगळे म्हणजे सगळेच, आधी वाचून संपलेलेसुद्धा. त्या दिवशी आमच्याकडे गोदाम उभं राहिल्यापासूनचं काम एकदम बाकी होतं. पेढे मात्र संपले होते. पुढचे चार दिवस मी आणि हरेशभाऊ शेजारी शेजारी बसून खुणा सारख्या करत होतो. तेव्हा ते त्यांच्या आईबद्दल पुष्कळ बोलले. मी ऐकलं. नंतर मॅडमनी शिकवलं की आणताना 'पीक' असा शब्द घालायचा, म्हणजे सर्व्हर नुसता डोकावून दाखवतो, खूण करत नाही. हे आधी सांगितलं असतं तर कुकर वाचले असते, पण मी त्यांना तसं बोललो नाही.

आईचं नाव मात्र कुठेच नव्हतं. मी सोडूनच दिलं असतं, पण मनिषाला आठवलं की तो फोन निजामपुऱ्यातल्या दुकानातून घेतला होता आणि मेलचं खातं दुकानदार चाचांनीच उघडून दिलं होतं. मी रविवारी गेलो. शेजारच्या यंत्रमागांच्या खडखडाटात चाचा ओरडूनच बोलतात. 'अरे भाई, सब अम्मा लोगों का नाम मैं एक ही डालता हूँ! पासवर्ड भूल जाती हैं, फिर आती तो मेरे पास ही हैं ना!' मी विचारलं, काय नाव? तर म्हणाले, 'चमक मोबाइल, कवर-चार्जर सस्ते में.' म्हणजे मावशी, आईने 'कव्हर-चार्जर सस्त्यात' या नावाने धवले पाठवले होते. सर्व्हरने ती जाहिरात समजून वेगळ्या कचऱ्याच्या पेटीत ढकलली होती, आणि मी शोधत होतो मुख्य पेटीत. आई गेल्याचं ऐकून चाचांनी गल्ला बंद केला आणि मला चहा पाजला. म्हणाले, 'अम्मा मोलभाव बहोत करती थी.' हे ऐकून मला फार बरं वाटलं.

सोमवारी कचऱ्याची पेटी उघडायला सांगितली, नाव चमक मोबाइल सांगितलं, डोकावूनच बघ म्हणून सांगितलं. सर्व्हरने ओके म्हटलं आणि या वेळी हात भरलेला होता. पहिला मेल उघडला तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं, मोठी, लहान, मधेच आकडे, पानंच्या पानं, अर्थ काही नाही. आवाज मेलमधून असाच येतो, अक्षरांत बांधून. ती गाठ सोडायची ओळ वेगळी असते, ती मला माहीत होती. तरी मी जरा वेळ तसाच बघत बसलो. आई शाळेत गेली नव्हती आणि तिचा आवाज इतक्या अक्षरांचा होता. मग गाठ सोडली, फाइल ठेवली. सगळे मेल संपले तर फोल्डरमध्ये एकच फाइल. फोनने प्रत्येक धवल्याला एकच नाव दिलं होतं, म्हणून प्रत्येक पुढचा धवला आधीच्याला उठवून त्याच्या जागी बसत गेला. सर्वांत शेवटचा राहिला. तो मी कानाला लावला. त्यात आई विचारते, 'मनिषा, हा चालू हाय का बंद हाय?' आणि मनिषा म्हणते, 'बंद हाय आई.' एवढंच. मी तो पुष्कळ वेळा ऐकला.

दुसऱ्या दिवशी नावापुढे नंबर घातले आणि सगळे आले. मुहूर्तमेढीचे, हळद दळायचे, हळद लावायचे, नवरीला न्हाऊ घालायचे, देवांना बोलावायचे. काही राहिलं नाही. मी ते तीन ठिकाणी ठेवले आहेत, त्यातलं एक कपाटात, तिच्या लुगड्यांत. भाग्यश्रीने ऐकले आणि डीजेवाल्याला स्वतः फोन करून नको म्हणाली.

सांगायचं एवढंच की आता काळजी नाही. हळदीला आईच गाईल. मंडपात स्पीकर लावतो आहे. तुला गायचा काही त्रास होणार नाही, तू म्हणालीस तसं ये, जेव, आणि नवरीला डोळे भरून बघ. गुडघ्याला तेल लाव. मनिषा आणि भाग्यश्री नमस्कार सांगतात. पत्र लांबलं, क्षमा असावी.

तुझा,
भरत

ता. क. वर 'काही राहिलं नाही' असं लिहिलं आहे, ते पूर्ण बरोबर नाही. धवल्यांत एक दोष आहे. आई एक ओळ म्हणते, मग आवाज जातो. काहीच नाही. तेवढ्यात मागे कुकरची शिट्टी, कोंबड्या, असलं काही ऐकू येतं. मग ती दुसरी ओळ म्हणते. सगळे धवले असेच. मृणाली मॅडम म्हणाल्या, त्यात काय, गप्प जागा आपोआप कापून टाकणारीही लायब्ररी आहे, गाणं सलग होईल. मी त्याही चार ओळी लिहिल्या. चालवायच्या आधी म्हटलं एकदा नीट ऐकावं. हळदीच्या धवल्यात आई ओळ म्हणून थांबते, नेहमीपेक्षा जरा जास्त थांबते, आणि हळूच म्हणते, 'उचल गं चंद्रे.' मग एक ओळ होईल इतका वेळ जातो. मग ती 'हां' म्हणते आणि पुढे जाते. मी काही कापलं नाही.

ता. क. २. त्या जागा मनिषाने भरून बघितल्या. तिचा आवाज चांगला आहे, पण शब्द तिला येत नाहीत. मी भरून बघितल्या तर भाग्यश्री हसून हसून ओट्याला टेकली. मावशी, तुला पहिली ओळ म्हणावी लागणार नाही. ती आईच म्हणेल. तू फक्त मागची उचलायची. मला आग्रह करता येत नाही, म्हणून एवढं सगळं लिहिलं.

ता. क. ३. पत्र घेऊन नवशा आला आहे, तो रिक्षा उभी करून उत्तरासाठी थांबेल. मागची ओळ उचलणार असशील तर त्याला नुसती मान हलव, तो बरोबर सांगतो. नाही म्हणायचं असेल तर मात्र कारणांसह, दोन्ही बाजूंनी कागद भरून लिहून दे, असं मनिषा सांगते. तुला लिहायचा किती कंटाळा आहे ते तिला पक्कं माहीत आहे.