एक गुडघा की दोन

१० जून
सासूबाईंचे एक्सरे आले. दोन्ही गुडघे बदलायला हवेत. डॉक्टर म्हणाले, वय बहात्तर, त्यात शुगर, दोन्ही एकदम नको. आधी उजवा, तीन महिन्यांनी डावा. एकाचे अडीच लाख. यांच्या तळोज्याच्या कंपनीचा विमा आईवडिलांना लागू नाही. हे म्हणाले, "नीलेशने आईची काढून दिलेली पॉलिसी आहे ना." नीलेश म्हणजे माझा धाकटा दीर. गाडीच्या मागच्या काचेवर 'विमा सल्लागार'. काचेवरच.

१२ जून
पॉलिसी पहिल्यांदा वाचली. 'डिडक्टिबल तीन लाख.' नि.ला फोन केला. "ती फॉर्मॅलिटी असते, वहिनी." तीन लाखांची फॉर्मॅलिटी. हेल्पलाइनवरच्या मुलीने तेच कलम पुन्हा पुन्हा वाचून दाखवलं, मी बहिरी असल्यासारखं.

१३ जून
स्वतःच डोकं लावलं. पहिले तीन लाख आपले, वरचं कंपनी देणार. मग दोन गुडघ्यांचे पाच, दोन तरी मिळतील. तर नाही. तीन लाख दर ॲडमिशनला नव्याने मोजतात. अडीच, म्हणजे शून्य. परत अडीच, परत शून्य. वर्षभराचं एकत्र धरणारी पॉलिसी वेगळी, जरा महाग. नि. म्हणतो, "स्वस्तातली दे असं दादाच बोललेला." दादा टीव्ही बघत होते. शोभतात भाऊ.

१७ जून
नि. घरी आला. भलताच खूश. "दोन्ही गुडघे एकदम करू. एकच ॲडमिशन, क्लेम बसतो." डॉक्टर नको म्हणालेत, हे सांगितलं. "डॉक्टर घाबरवतातच."
आई आतून म्हणाल्या, "मना चालाचा हाय, पलाचा नाय. येक येक करा."
नि. म्हणाला, "आई, दोन लाख जातील."
आई जेवताना हळूच म्हणाल्या, "करा दोन्ही." हे मान खाली घालून भात कालवत होते.

१९ जून
नि.ला स्पष्ट विचारलं, एकदम केलं आणि आईंना काही झालं तर?
"आयसीयू पण कव्हर आहे, वहिनी."
हसत म्हणाला. चेष्टेने नाही, धीर द्यायला. याहून वाईट काही...

२० जून
उद्या सकाळी डॉक्टरांकडे. आईंनी चांगली साडी काढून ठेवलीय. मी यांना म्हटलं, एक की दोन, आत्ता सांगा. म्हणाले, "गाडीत ठरवू."
गाडी नि. चालवणार आहे.