सूर्यमाळचे काळे दोरे

आई, आज दारासमोर एक तरुण डॉक्टर कुत्र्यांना लस टोचत होता. टोचलेलं प्रत्येक कुत्रं त्याच्याकडे असं रागानं बघत होतं की मला एकट्यालाच हसू फुटलं. तुझी सूर्यमाळची युक्ती आठवली.

तेव्हा मी जव्हार संस्थानात गुराढोरांचा नवाकोरा डॉक्टर. मोखाड्याच्या रानात पिसाळलेला कोल्हा फिरत होता आणि तिथल्या सूर्यमाळ पाड्यातली झाडून सगळी कुत्री मारून टाकायचा हुकूम निघणार होता. मी कचेरीत हातापाया पडून एक दिवस मागून घेतला. टोचलेलं कुत्रं मारायचं नाही, एवढं कबूल झालं. "तुला घरचं मांजर धरवत नाही," म्हणत तू नाचणीच्या भाकरी नि सुकट बांधून घेतलीस आणि माझ्या आधी गाडीत जाऊन बसलीस. निघताना दारातल्या आपल्या कुत्र्याकडे बोट दाखवून बजावलंस, "आपल्या बांड्याची लस राखून ठेव हां."

दुपारपर्यंत झकास चाललं. तू भाकर पुढे करतेस, मी टोचतो, आणि खूण म्हणून तू कुत्र्याच्या गळ्यात काळा दोरा बांधतेस. जेवून उठतो तर काय, पाड्यातल्या एकूण एक कुत्र्याच्या गळ्यात काळा दोरा. एक म्हातारी कौतुकानं म्हणाली, "आमचा कुत्रा सुईला भितो दादा, म्हणून घरचाच दोरा बांधला. आमचा भगत पण दुखण्यावर असाच मंतरून बांधतो." सगळ्यांनी तेच केलेलं. लस मोजकी, आता टोचलेलं कोणतं नि राहिलेलं कोणतं? मी कपाळाला हात लावला. तू पोट धरधरून हसलीस. मग म्हणालीस, "अरे शहाण्या, पिशवी घेऊन नुसता चालत जा. शेपूट घालून पळेल त्याला टोचलंय. शेपूट हलवत येईल त्याला धर."

एकही कुत्रं मारावं लागलं नाही. सगळा पाडा आपल्या मागून हसत फिरत होता. इतका आनंद मला पुढे पगारवाढीनंही झाला नाही.

तू आता नाहीस, हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून खरं लिहितो. बांड्यासाठी राखलेली शेवटची लस मी त्या म्हातारीच्या कुत्र्याला दिली. घरी येऊन बांड्याला पडवीमागे नेलं, नुसता काळा दोरा बांधला आणि तुला सांगितलं, टोचलं. नवी लस यायला दोन महिने लागले. तोवर माझी पिशवी दिसली की बांड्या रोज शेपूट हलवत धावत यायचा, आणि तू चुलीपुढून ते बघायचीस. म्हणजे तुला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तरी तू त्याला हातानंच भाकर भरवत राहिलीस.